पाण्यातला तंगूस माशाला दिसतो का, आणि दिसला तर त्याचे त्याला काही वाटते का?

पालूखडक (धागाकर्ता)

गळाने मासे पकडणाऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या शब्दांत गरवायला जाणाऱ्या मंडळींच्या अनुभवासाठी आणि त्यामागचे शास्त्र ठाऊक असलेल्यांच्या अभ्यासासाठी हा धागा काढत आहे. मी विजयदुर्गच्या खाडीच्या तोंडाशी जेटीवरून आणि खडकांवरून गरवतो. पालू, तांबोशी, गोबरा आणि दैव बलवत्तर असेल तर जिताडा, असे माझे मासे. गेली काही वर्षे दुकानांत आणि व्हिडिओंत एकच घोष ऐकू येतो, की साधा नायलॉनचा तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, माशाला लांबून दिसतो आणि तो आमिषाकडे पाठ फिरवतो. त्यामुळे गळाच्या अलीकडचा दीड-दोन मीटरचा तुकडा, ज्याला सगळे लीडर म्हणतात, तो फ्लुरोकार्बनचाच हवा, कारण तो पाण्यात 'अदृश्य' होतो. किंमत मात्र साध्या तंगुसाच्या कितीतरी पट असते.

दुसरीकडे आमच्याच जेटीवर असे जुनेजाणते लोक बसतात, की ज्यांचा तंगूस ०.६० मिमी जाडीचा, उन्हाने पिवळा पडलेला आणि दोन ठिकाणी गाठ मारलेला असतो. त्यांच्या पिशवीत पालू असतात आणि नवा कोरा लीडर बांधलेला तरुण शेजारी रिकाम्या हाताने उभा असतो. हे कौशल्य आहे, योगायोग आहे, की मुळात तंगूस दिसण्या-न दिसण्याला फारसे महत्त्वच नाही, यावर कृपया सविस्तर लिहावे.

काचकवडसा

मासेमारीतले मला कळत नाही, परंतु प्रकाशशास्त्र अनेक वर्षे शिकवले आहे, तेव्हा 'अदृश्य' या शब्दापुरते लिहितो. पारदर्शक वस्तू आपल्याला दिसते ती मुख्यतः तिच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या आणि तिच्यातून जाताना वाकणाऱ्या प्रकाशामुळे. हे दोन्ही किती प्रमाणात होणार, ते वस्तूचा अपवर्तनांक (तिच्यात शिरताना प्रकाश किती वाकतो याचे माप) आणि भोवतालच्या माध्यमाचा अपवर्तनांक यांच्यातील फरकावर ठरते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असतो, समुद्राच्या पाण्याचा किंचित अधिक. नायलॉनचा साधारण १.५३ आहे आणि फ्लुरोकार्बनच्या दोऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पीव्हीडीएफ या पदार्थाचा १.४२. शाळेत आम्ही बोरोसिलिकेट काचेची नळी खाद्यतेलात बुडवून 'गायब' करून दाखवतो, ती खरोखर गायब होते, कारण दोघांचेही अपवर्तनांक १.४७च्या आसपास आहेत. १.४२ आणि १.३३ यांत तशी जुळणी नाही. फरक कमी झाला आहे, संपलेला नाही.

आता आकड्यांत पाहू. समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी नायलॉनचा एक पृष्ठभाग पाण्यात सुमारे ०.५ टक्के प्रकाश परत पाठवतो आणि फ्लुरोकार्बनचा सुमारे ०.१ टक्के. म्हणजे फ्लुरोकार्बन चार ते पाच पट कमी चमकतो, हा दावा खोटा नाही. परंतु हाच नायलॉन हवेत सुमारे ४.४ टक्के प्रकाश परावर्तित करतो. पाण्यात शिरताच साधा स्वस्त तंगूससुद्धा हवेतल्यापेक्षा सुमारे नऊ पट कमी चमकू लागतो, ही गोष्ट कोणत्याही वेष्टनावर छापलेली मी पाहिलेली नाही. दुकानात हातात धरून जो दोरा डोळ्यात भरतो, त्यावरून पाण्यातल्या दोऱ्याचा अंदाज बांधणे म्हणूनच चुकीचे ठरते.

शिवाय परावर्तन हा अर्धाच भाग झाला. दोरा गोल असल्यामुळे तो नळीच्या आकाराच्या भिंगासारखे काम करतो आणि मागून येणारा प्रकाश वाकवतो. त्यामुळे उजेडाच्या पार्श्वभूमीवर त्याच्या कडा काळ्या रेघांसारख्या उमटतात. हा परिणाम फ्लुरोकार्बनमध्येही होतो, फक्त कमी. दोऱ्यावर ओरखडे पडले, शेवाळ धरले किंवा नव्या दोऱ्याला हवेचे बारीक बुडबुडे चिकटून राहिले, की अपवर्तनांकाचे सारे गणित बाजूला पडते, कारण हवेचा बुडबुडा पाण्यात कोणत्याही प्लास्टिकपेक्षा अधिक चमकतो.

खाजणकाठ

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु त्यातले पाणी प्रयोगशाळेतले आहे. आमच्या किनाऱ्यावर दोरा दिसणे हे दोऱ्यापेक्षा पाण्यावर ठरते आणि पाणी तिथीवर ठरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात ये-जा करते आणि तळाचा गाळ उठतो. खाडीत हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटे दिसत नाहीत. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा प्रवाह मंद होतो, गाळ बसतो आणि तेच पाणी निवळते. मुंबई-ठाण्याकडच्या खाड्यांत भरती-ओहोटीचा फरक मोठा आणि तळ चिखलाचा, त्यामुळे तिथे पाणी क्वचितच स्वच्छ मिळते. मालवण-देवगडकडे मात्र पावसाळा सरून थंडी पडली, की खडकाळ भागात तळ दिसावा इतके पाणी निवळते.

उधाणाच्या गढूळ पाण्यात तुम्ही सुतळी बांधली तरी तांबोशी घेते, हे मी अतिशयोक्ती करून लिहीत नाही. तिथे मासा वासावर आणि पाण्यातल्या हालचालीवर येतो. भांगाच्या स्वच्छ पाण्यात, दुपारच्या उन्हात, पालू आमिषाभोवती घुटमळताना वरून दिसतात, एखादा जवळ येतो, थांबतो आणि वळून जातो. आपण म्हणतो, दोरा दिसला. मला मात्र दीर्घ निरीक्षणानंतर असे वाटते, की त्याला दोऱ्याचे रूप खटकत नाही, त्याला आमिषाची चाल खटकते. शेजारी पाण्यात सुटी टाकलेली कोळंबी डुलत, गिरक्या घेत खाली जाते आणि आपली कोळंबी जाड, ताठ तंगुसाला बांधल्यामुळे एका जागी टांगल्यासारखी राहते किंवा शिशाच्या वजनाबरोबर सरळ खाली कोसळते. पालूसारख्या संशयी माशाला एवढा फरक पुरेसा असतो.

जुन्या लोकांच्या पिशवीत मासे का असतात, याचे उत्तरही इथेच आहे. ते शिसे कमीत कमी लावतात, दोरा सैल सोडतात आणि प्रवाहालाच आमिष नेऊ देतात. त्यांचा तंगूस पिवळा आहे हे खरे. पण तो वर्षानुवर्षे पाणी पिऊन मऊ झालेला आहे, हेही लक्षात घ्यावे.

उलटतपासणी

काका, आदर राखून असहमती नोंदवतो. 'चाल महत्त्वाची, रूप नाही' हे ऐकायला सुंदर वाटते, परंतु ज्यांचे पोट मासेमारीवर आहे त्यांनी केलेली निवड पाहिली तर चित्र वेगळे दिसते. कल्ल्यात मासा अडकवणारी जाळी सुती धाग्याची होती, मग पिळाच्या नायलॉनची झाली आणि नंतर अनेक ठिकाणी एकपदरी पारदर्शक तंगुसाची झाली, कारण पारदर्शक बारीक धाग्याच्या जाळीत अधिक मासे लागतात. हीच जाळी अंधारात आणि गढूळ पाण्यात दिवसापेक्षा चांगली चालते, हे कोणताही जाळेवाला सांगेल. माशाला धागा दिसत नसता किंवा दिसूनही फरक पडत नसता, तर रात्र आणि दिवस यांत हा फरक का पडला असता?

गळाच्या बाबतीतही एक ठोस उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियात लांब दोरीवर शेकडो गळ लावून टूना पकडणाऱ्या बोटींवर तारेचा लीडर आणि नायलॉनचा लीडर यांची मोठ्या प्रमाणावर शेजारी-शेजारी तुलना झाली, तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. नायलॉनवर शार्क कमी मिळाले, कारण ते दोरा चावून सुटतात. परंतु बिगआय टूना नायलॉनवर तारेपेक्षा अधिक मिळाले. तार माशाला दिसते आणि तो ती टाळतो, हे त्याचे सर्वांत सरळ स्पष्टीकरण आहे.

मत्स्यकन्या_रत्नागिरी

मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले आहे. उलटतपासणी यांची दोन्ही उदाहरणे योग्य आहेत, परंतु त्यांचा अर्थ काढताना थोडे थांबावे लागेल. जाळी ही माशाच्या वाटेत उभी केलेली भिंत असते. तिच्यात काही शे-हजार धागे एकमेकांना छेदतात, तेव्हा प्रत्येक धागा वेगळा न दिसताही समोर 'काहीतरी' आहे हे माशाला कळू शकते, आणि तिथे त्याला खायचे काहीच नसल्यामुळे वळून जाण्यात त्याचे नुकसान नसते. गळाच्या बाबतीत एकच धागा असतो आणि त्याच्या टोकाला खाणे असते. तारेच्या लीडरबद्दल म्हणाल, तर तार अपारदर्शक असते, नायलॉनपेक्षा ताठ आणि कितीतरी जड असते. टूनाने तिचे रूप टाळले की तिच्यामुळे बदललेली आमिषाची चाल टाळली, हे केवळ पकडलेले मासे मोजून सुटे करता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. दोऱ्याच्या चर्चेत बहुतेक वेळा माशाच्या डोळ्याचा विचारच राहून जातो. माशाचे भिंग गोल असते, कारण पाण्यात बुबुळाचा बाह्य पडदा प्रकाश वाकवण्याच्या कामी येत नाही आणि सारे काम भिंगालाच करावे लागते. रंग अनेक माशांना चांगले कळतात, हालचाल फार चांगली कळते. बारकावा मात्र आपल्याइतका कळत नाही. निरोगी मानवी डोळ्याला एका अंशात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सुमारे ६० जोड्या वेगळ्या ओळखता येतात. बहुसंख्य माशांमध्ये हा आकडा दहाच्या खाली असतो.

उदाहरणादाखल पाच जोड्या ओळखणारा मासा घ्या. त्याच्या दृष्टीने एका पट्टीची रुंदी ०.१ अंश होते. ०.३० मिमी जाडीचा दोरा डोळ्याशी एवढा कोन करतो तो सुमारे १७ सेंटिमीटर अंतरावर. ०.६० मिमी जाडीचा दोरा ३४ सेंटिमीटरवर. या अंतरापलीकडे दोरा त्याला 'दोरा' म्हणून स्पष्ट दिसणार नाही, पुसट रेघ किंवा पार्श्वभूमीतला किंचित फरक म्हणून जाणवेल. त्यातही एक पाचर आहे. उजळ आभाळासमोर विजेची तार आपल्याला कित्येक मीटरवरून दिसते, जिथे तिची जाडी आपल्या डोळ्याच्या मर्यादेपेक्षा फार कमी असते, कारण अशा वेळी जाडीपेक्षा काळ्या-पांढऱ्याचा फरक काम करतो. खालून वर पाहणाऱ्या माशाला पाण्याचा पृष्ठभाग सुमारे ९७ अंशांच्या गोल झरोक्यातून उजळलेला दिसतो. त्या झरोक्यासमोर आलेला कोणताही दोरा, फ्लुरोकार्बनसुद्धा, काळी रेघ होऊन दिसू शकतो. तोच दोरा बाजूने पाहणाऱ्या माशाला पाण्याच्या धूसर पडद्यात हरवून जातो. एकाच दोऱ्याला दोन मासे दोन उत्तरे देतील.

पालूखडक (धागाकर्ता)

हा हिशेब डोळे उघडणारा आहे. म्हणजे दोऱ्याच्या पदार्थापेक्षा जाडी निम्मी करण्याचा परिणाम मोठा असू शकतो, असे समजायचे का? शिवाय लाल रंगाचा तंगूस 'खोलीवर नाहीसा होतो' असेही एक दुकानदार सांगत होते, त्याबद्दल कोणी लिहील का?

काचकवडसा

लाल दोऱ्याचे सांगतो. स्वच्छ समुद्राच्या पाण्यात लाल प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो आणि दहा मीटर खोलीपर्यंत तो जवळजवळ संपतो, एवढे बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. लाल वस्तू लाल दिसते ती निळा-हिरवा प्रकाश गिळते म्हणून. जिथे फक्त निळा-हिरवा प्रकाश उरला, तिथे ती सगळाच प्रकाश गिळणार, म्हणजे काळी दिसणार. निळसर उजेडात काळी रेघ नाहीशी होत नाही, उलट उठून दिसते. तुमच्या जेटीखाली दोन-चार मीटर पाणी असेल तर तिथे लाल प्रकाश संपलेलाच नसतो. खाडीच्या गढूळ, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याच्या पाण्यात आधी निळा प्रकाश संपतो आणि पिवळट-तांबूस प्रकाश मागे राहतो, म्हणजे तो दावा तिथेही लागू पडत नाही. दोरा नाहीसा होण्याचा रंग एकच, तो म्हणजे त्या क्षणी माशाच्या दृष्टीने दोऱ्यामागे असलेल्या पाण्याचा रंग. आणि तो दिवसात अनेकदा बदलतो.

खाजणकाठ

सुती जाळी वापरात होती तेव्हा ती टिकावी म्हणून झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत असत, त्याने तिला तपकिरी रंग यायचा. खाडीच्या पाण्याला तो रंग आपोआप जुळत होता. कोणी त्याची जाहिरात केली नाही, एवढेच.

टेस्टकाठचा

मी इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यात राहतो. इथल्या टेस्ट आणि इचेन या नद्या चुनखडीच्या झऱ्यांतून येतात. पाणी काचेसारखे स्वच्छ, उथळ आणि संथ असते, आणि त्यातल्या ट्राउट माशांइतके चिकित्सक मासे मी इतरत्र पाहिलेले नाहीत. 'दोरा दिसतो का' या वादासाठी याहून कठोर परीक्षागृह मिळणार नाही, म्हणून लिहीत आहे.

इथे कृत्रिम माशी (कीटकासारखे दिसणारे आमिष) पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत सोडतात. जुन्या काळी माशीच्या अलीकडचा तुकडा रेशीमकिड्याच्या ग्रंथीतून ओढून काढलेल्या तंतूचा असे, जो स्पेनमधल्या मुर्सिया भागात तयार होई. १९३५ साली ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले आणि पुढे त्याने तो धंदा संपवला. फ्लुरोकार्बनचा दोरा १९७१ साली जपानच्या कुरेहा कंपनीने आणला. प्रत्येक वेळी 'आता माशाला काही दिसणार नाही' असे म्हटले गेले असणार, आणि ट्राउट आजही तोंड फिरवतात.

इथल्या जाणकारांना दोऱ्याच्या पारदर्शकतेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धास्ती असते. दोरा पृष्ठभागावर तरंगत असेल, तर पाण्याचा ताण त्याच्या दोन्ही बाजूंना पृष्ठभाग वाकवतो. ही वाकलेली पट्टी दोऱ्याच्या जाडीपेक्षा कित्येक पट रुंद असते. उन्हात तिची सावली नदीच्या तळावर जाड, काळ्या पट्टीसारखी पडते आणि तिच्या दोन्ही कडांना उजेडाची रेघ असते. पुलावर उभे राहून पाहिले तर दोरा दिसत नाही, पण त्याची सावली तळावरून सरकत जाताना स्पष्ट दिसते, आणि ती अंगावरून गेली की मासा बिचकतो. त्यावरचा इथला उपाय वाचून आपल्या मंडळींना गंमत वाटेल. मुलतानी माती, ग्लिसरीन आणि भांडी घासण्याचा द्रवसाबण यांचा लेप करून तो दोऱ्याच्या शेवटच्या भागाला चोळतात. त्याने दोऱ्यावरचा तेलकटपणा निघतो, तो पृष्ठभाग फोडून खाली बुडतो आणि सावली जवळजवळ नाहीशी होते. फ्लुरोकार्बनची घनता १.७८, नायलॉनची १.१४, तेव्हा फ्लुरोकार्बन इथे उपयोगी पडत असेल तर तो अदृश्य असल्यामुळे नव्हे, जड असल्यामुळे पडत असण्याचीच शक्यता मला अधिक वाटते.

मरळतळे

समुद्राची आणि परदेशी नद्यांची चर्चा झाली, आता धरणाची बाजू. पुण्याच्या आसपासच्या जलाशयांवर आम्ही रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी कणीक आणि शेंगदाण्याच्या पेंडीचे गोळे लावून बसतो. इथे माझा अनुभव असा, की मासा दोरा पाहून पळत नाही, दोऱ्याला अंग लागून पळतो. ताणून धरलेला दोरा पाण्यातून तिरपा जात असतो, चरत आलेल्या माशाचा पर किंवा पाठ त्याला घासते आणि तो उधळतो. टोकावरचा तरंगा हलतो, आपण झटका देतो आणि हाती काही येत नाही. दोरा सैल सोडून तळाशी बसू दिला, की हे पुष्कळ कमी होते. शिंगट्यांच्या बाबतीत तर प्रश्नच निकालात निघतो, कारण तो मिशांनी चाचपून आणि वासावर खातो. त्याच्यासाठी महागडा लीडर बांधणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, अक्षरशः.

मरळ गरवताना मी जाड, गडद हिरवी विणलेली दोरी थेट बेडकाच्या आकाराच्या रबरी आमिषाला बांधतो, मध्ये लीडर नाही. ती दोरी पारदर्शक नाहीच. कमळाच्या पानांवरून आमिष ओढत नेले, की मरळ खालून झडप घालते. विचार करायला तिला अर्धा क्षणही नसतो.

मत्स्यकन्या_रत्नागिरी

मरळतळे यांनी स्पर्शाचा मुद्दा आणला ते बरे झाले. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा नावाचे संवेदी इंद्रिय असते. त्याला पाण्यातली जवळची, मंद कंपने आणि प्रवाहातले बदल कळतात. सेकंदाला शंभर ते दोनशे कंपनांपर्यंत, आणि अंतर साधारण माशाच्या एक-दोन अंगांइतके. प्रवाहात ताणलेल्या दोऱ्याच्या मागे आळीपाळीने भोवरे सुटतात आणि दोरा थरथरतो. सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाच्या प्रवाहात ०.३० मिमीच्या दोऱ्यामागे सेकंदाला सुमारे दीडशे भोवरे सुटतील आणि ०.६० मिमीच्या दोऱ्यामागे शंभराच्या आसपास. हे दोन्ही आकडे पार्श्वरेषेच्या आवाक्यात येतात. म्हणजे घोर अंधारात, चिखलाच्या पाण्यातही अगदी जवळ आलेल्या माशाला दोरा कळू शकतो आणि तिथे अपवर्तनांकाचा काही संबंध नसतो. रोहू-कटला यांच्या कुळात तर वाताशय आणि अंतर्कर्ण यांना जोडणाऱ्या छोट्या हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांची श्रवणशक्ती बहुतेक समुद्री माशांपेक्षा तीक्ष्ण असते. तरंगा पाण्यात आपटणे, जेटीवर पाय आपटणे, हे त्यांना दोऱ्यापेक्षा आधी कळते.

जाडीबद्दल धागाकर्त्यांनी विचारले होते. होय, जाडी कमी केली की दोरा दिसण्याचे अंतर घटते, प्रवाहाचा रेटा कमी होतो आणि दोरा वाकायला मऊ होतो. दोऱ्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी निम्मी केली तर ताठपणा सोळावा हिस्सा उरतो. आमिषाची चाल सुधारायला याहून स्वस्त उपाय नाही. अर्थात ०.३० मिमीवर खडकातला गोबरा बाहेर काढून दाखवणे हा वेगळा प्रश्न आहे.

उलटतपासणी

आपण सर्वांनी मिळून माझी बाजू बरीच पोखरली आहे, तरी एक मुद्दा सोडत नाही. मासा शिकतो. नेदरलँड्समध्ये १९७०च्या सुमारास तळ्यांतल्या पाइक माशांवर प्रयोग झाले. फिरणाऱ्या धातूच्या आमिषाने काही मासे पकडून सोडल्यावर त्या आमिषाला लागणाऱ्या माशांचे प्रमाण झपाट्याने घसरले. रोज शंभर गळ पडतात त्या जेटीखालचा पालू एकदा गळ लागून सुटला असेल, तर त्याने दोऱ्याची रेघ आणि वेदना यांची सांगड घातली नसेल कशावरून?

मत्स्यकन्या_रत्नागिरी

त्याच प्रयोगांचा दुसरा अर्धा भाग अधिक बोलका आहे. धातूचे आमिष टाळायला शिकलेले पाइक जिवंत माशाच्या आमिषाला पूर्वीप्रमाणेच लागत राहिले, आणि जिवंत आमिषही दोऱ्याला आणि गळालाच लावलेले होते. त्यांनी टाळले ते आमिषाचे सोंग. दोऱ्याची रेघ ही धोक्याची खूण म्हणून त्यांनी धरलेली दिसत नाही. सर्व जातींना हे लागू होईल असे मी म्हणणार नाही. कार्प मासे गळाबाबत पाइकपेक्षा अधिक सावध होतात, हेही त्याच काळात तिथे दिसून आले होते. पण 'शिकलेला मासा म्हणजे दोरा ओळखणारा मासा' हे समीकरण थेट मांडता येत नाही.

टेस्टकाठचा

याला पूरक असे एक निरीक्षण. इथे संध्याकाळी माश्यांचे (कीटकांचे) थवेच्या थवे पाण्यावर उतरतात, तेव्हा तेच चिकित्सक ट्राउट जाड दोऱ्यावरची ओबडधोबड माशीसुद्धा घेतात. दुपारी उजेड अधिक असतो, हे कारण आहेच. परंतु खाण्याची घाई आणि शेजाऱ्याशी स्पर्धा हेही आहे. दिसणे ही डोळ्याची बाब आहे आणि पर्वा करणे ही भुकेची.

खाजणकाठ

जिताड्याबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. रात्री बॅटरीचा झोत पडला, की त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. तो तिन्हीसांजेला आणि रात्री शिकार करतो, तेही ओहोटी लागताना खाजणातल्या उघाडीच्या (बांधाच्या दाराच्या) तोंडाशी, जिथे पाणी वाहते आणि गढूळ असते. तिथे लीडर लागतो तो त्याच्या कल्ल्याच्या धारेसाठी. जिताड्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते आणि बारीक दोरा ती सहज कापते. मी तिथे ०.७० मिमीचा साधा, जाड तंगूस बांधतो आणि वर विणलेली दोरी ठेवतो. फ्लुरोकार्बन घासण्याला थोडा अधिक टिकतो असा काहींचा अनुभव आहे, आणि ते कारण सांगून कोणी तो विकला तर माझी तक्रार नाही.

सुरमईचे मात्र उलट. तिच्या दातांसाठी तार लावावी लागते आणि निवळलेल्या पाण्यात, दिवसा, तारेवर ती कमी लागते असे आमच्याकडचे सगळेच म्हणतात. त्यामुळे तार वीतभरच ठेवतात. उलटतपासणी यांच्या टूनाच्या उदाहरणाला इथे मी मान देतो.

पालूखडक (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. चर्चेवरून माझ्यापुरता निर्णय असा घेतला आहे, की उधाणाच्या दिवसांत आणि रात्री साधा तंगूस वापरायचा. भांगाच्या स्वच्छ पाण्यात पालूसाठी ०.६०ऐवजी ०.३०-०.३५ मिमीचा लीडर लावायचा आणि शिसे निम्म्यावर आणायचे. फ्लुरोकार्बनची एक छोटी रीळ मित्राकडे आहे, ती घेऊन दोन काठ्यांवर शेजारी-शेजारी तुलना करून पाहण्याचा विचार आहे. ती कशी करावी?

काचकवडसा

दोन्ही दोरे सारख्या जाडीचे घ्या, सारख्या ताकदीचे नव्हे. वेष्टनावरील किलोचा आकडा जुळवून घेतलात तर जाडी वेगळी येऊ शकते आणि मग तुम्ही पदार्थाची नव्हे, जाडीची परीक्षा घेत असाल. वेष्टनावरच्या जाडीवरही विसंबू नका. स्क्रू गेजने मोजून घ्या, कोणत्याही लेथवाल्याकडे ते मिळेल. शक्य असल्यास कोणत्या काठीला कोणता दोरा आहे हे आमिष लावणाऱ्याला कळू देऊ नका, कारण ज्या दोऱ्यावर आपला भरवसा असतो त्या काठीकडे आपण अधिक लक्ष देतो.

मत्स्यकन्या_रत्नागिरी

फ्लुरोकार्बन लवकर बुडतो आणि थोडा अधिक ताठ असतो, तेव्हा जाडी सारखी ठेवूनही आमिषाची चाल अगदी एकसारखी होणार नाही. फरक आढळला, तर तो दिसण्यामुळेच आहे असे लगेच लिहू नका.

खाजणकाठ

दर अर्ध्या तासाने काठ्यांच्या जागा बदला, कारण जेटीच्या सावलीतली बाजू आणि उन्हातली बाजू यांत मासा सारखा नसतो. आमिष दोन्हींना एकाच टोपलीतल्या कोळंबीचे लावा. आणि शिंगाळे मोजू नका.